पेन्सिलीच्या रेघेवरचं पाणी

इन्स्पेक्टरबाई दारातच थांबल्या, डोळे मिटले आणि नाकाने जोरात श्वास घेतला. मी आणि माझा नवरा मागे किल्ली घेऊन उभे, त्यामागे बाबा काठी टेकत. बाईंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "छोट्या बाथरूमची नहाणी कोरडी पडलीय."

अजून घरात पाऊल टाकलं नव्हतं. छोटं बाथरूम कुठे आहे हेही बाईंना माहीत नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"वासावरून. नहाणीच्या जाळीखाली वाकडा पाइप असतो, त्यात थोडं पाणी कायम राहतं आणि खालचा वास अडवतं. घर बंद राहिलं की ते आटतं. मग वास मोकळा. मोठ्या बाथरूमचा असता तर एवढा कोंदट आला नसता."

मला असल्या गोष्टी जाम आवडतात. लहानपणी घरात माझं नाव 'चौकशी खिडकी' होतं, कारण मी दिवसभर कशाची ना कशाची चौकशी करत असे. पुढे त्यातली चौकशी गळाली आणि नुसती 'खिडकी' राहिली. माझी मुलं कॉलेजात गेली तरी बाबा मला अजून 'खिडके' अशीच हाक मारतात. नव्या माणसांसमोर मारली की मला राग येतो आणि एरवी नाही मारली की करमत नाही.

तर हे घर. नवं म्हणजे आम्हाला नवं. आधी कुणीतरी राहून गेलेलं. मालकांशी बोलणी पक्की होत आली होती, सह्या तेवढ्या बाकी होत्या. सह्या झाल्या की गवंडी, प्लंबर, रंगारी अशी वरात आत शिरणार होती. त्याआधी घरात काय काय बिघडलंय ते बघायला इन्स्पेक्टरबाईंना बोलावलं होतं. घरं तपासून त्यांतले दोष सांगायचे हाच त्यांचा धंदा. गोल बांधा, खांद्याला बोजड पिशवी, आणि चेहरा असा की आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं.

आणि हे सगळं चाललं होतं बाबांसाठी. घरातली मागची छोटी खोली आणि तिला लागूनचं छोटं बाथरूम बघितलं तेव्हाच मी ठरवून टाकलं होतं, की इथे बाबा राहणार. आई गेल्यापासून ते तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत होते. लिफ्ट नाही. गेल्या वर्षी जिन्यात पडले आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन काठीवर आले, तरी 'माझं छान चाललंय' हे पालुपद सुरूच. आमच्या सध्याच्या घरात त्यांची खाट टाकायची म्हटलं तर आमची बाहेर काढावी लागेल. म्हणजे हे घर मिळालं तर बाबा येणार, नाही मिळालं तर ते तिथेच त्या जिन्यावर. एवढा सरळ हिशेब होता, आणि तो मी सगळ्यांना ऐकवून ऐकवून कंटाळा आणला होता.

बाबांनी मात्र अजून 'हो' म्हटलं नव्हतं. ते म्हणाले होते, "आधी घर नीट तपासून घ्या. मग बघू." आमच्या बाबांचं 'बघू' मी चांगलं ओळखते. ते बहुतेक वेळा नाहीच असतं, फक्त सभ्यपणे सांगितलेलं.

दुसरा अडसर नवऱ्याचा. हा माणूस दुधाची पिशवीसुद्धा उलटी करून, दाबून, उजेडात धरून मग घेतो. घरात पाणी गळतंय असा नुसता संशय आला तरी तो सह्या करणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तसं त्याने आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. "बाकी काही चालेल, गळकं घर चालणार नाही."

बाई कामाला लागल्या. हातात टोकाला गोळी असलेली स्टीलची कांडी. तिने प्रत्येक फरशीवर टक्क करायचं आणि ऐकायचं. भरीव आवाज आला तर पुढे. पोकळ आला तर फोन तोंडाशी धरून बोलायचं, "हॉल, खिडकीजवळची तिसरी फरशी, खाली माल नाही." मग भिंतीला कान. मग ओळंबा सोडून भिंत सरळ आहे का ते बघायचं. मग ओल मोजायचं छोटं यंत्र चिकटवायचं. नवरा फोनचा टॉर्च घेऊन त्यांच्या मागे मागे, आणि मी नवऱ्याच्या मागे. छोट्या खोलीत एक बटण होतं, दाबलं तरी कुठेच काही होईना. बाई तेवढ्यासाठी अडून बसल्या. मलाही चैन पडेना. शेवटी मी भिंतीतलं कपाट उघडलं तर आत, वरच्या कप्प्याच्या मागे, एक बारकासा दिवा शहाण्यासारखा जळत होता. कपाटातल्या दिव्याचं बटण कपाटाबाहेर! कुणी बसवलं असेल, कशासाठी, अंधारात काय शोधत असतील? बाई म्हणाल्या, "हा दोष नाही, हौस आहे," आणि पुढे गेल्या. मी मात्र ते बटण अजून चारदा दाबून पाहिलं.

बाबांसाठी घडीची खुर्ची आणली होती. पण ते बसले नाहीत. त्यांनी आपली वेगळीच तपासणी चालवली होती.

"याचा उंबरा जरा उंच नाही का?" छोट्या बाथरूमच्या दारातून त्यांनी विचारलं.

"फार नाही," बाई म्हणाल्या.

"आणि फरशी? ओली झाली की घसरत असेल."

"कुठलीही घसरते, काका."

"दार आत उघडतं. बाहेर उघडायला हवं."

आता खोड काढायला सुरुवात झाली, मी मनात म्हटलं. बाबा आयुष्यभर शाळेत शारीरिक शिक्षणाचे मास्तर होते. गळ्यात शिट्टी, पाठ ताठ, आणि मुलांच्या रांगेतलं एक पाऊल वाकडं पडलेलं त्यांना मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचं. नकार द्यायचा ठरवला असेल तर कारणं शोधायला त्यांना कितीसा वेळ लागणार?

सगळ्यात शेवटी मोठं बाथरूम. त्याची कसोटी म्हणजे ते तुंबवायचं. बाईंनी नहाणीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं फडकं घट्ट कोंबलं, दारात सिमेंटची छोटी पाळ बांधली आणि पाणी सोडलं. घोटा बुडेल इतकं झाल्यावर नळ बंद करून टाइलवर पाण्याच्या कडेला पेन्सिलीने बारीक रेघ मारली.

"हे असंच राहू दे. उद्या संध्याकाळी येते. पाणी रेघेवर असलं तर घर तुमचं. उतरलं तर कुठेतरी जातंय." मग माळ्यावर चढून त्यांनी घराचा मेन कॉकच फिरवून बंद केला. "म्हणजे चुकून कुणी नळ सोडायला नको."

हे सांगितलं तेव्हा बाबा तिथे नव्हते. ते छोट्या बाथरूममध्ये चपलेने फरशी घासून बघत होते.

निघताना बाबांनी माझ्याकडे किल्ली मागितली. "तुम्ही दोघं दिवसभर कामावर. मी दुपारी येऊन बसत जाईन. रिकाम्या घरात माणूस असलेलं बरं."

मला इतका आनंद झाला की रस्ताभर मी नवऱ्याचं डोकं खाल्लं. म्हटलं, बघ, रमायला लागला त्यांचा जीव.

दुसऱ्या संध्याकाळी मी, नवरा आणि इन्स्पेक्टरबाई त्या बाथरूमच्या दारात वाकून उभे होतो. पाणी रेघेच्या दोन बोटं खाली होतं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. नवऱ्याने टॉर्च बंद केला.

"चला खाली," बाई म्हणाल्या.

खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडलं. हसऱ्या, गप्पिष्ट, एका हातात विणकाम. त्यांच्या बाथरूमचं छत आम्ही खालून, बाजूने, स्टुलावर चढून पाहिलं. यंत्र लावलं. ठणठणीत कोरडं. डाग नाही, फुगवटा नाही, रंगाचा पोपडासुद्धा नाही.

"असं कसं?" मी म्हटलं.

"तेच," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या ओळखीचं काहीतरी दिसलं. त्यांनाही चौकशीची खाज होती. वर येऊन त्यांनी बाथरूमच्या चारही भिंती बाहेरून ठोकल्या, यंत्र फिरवलं, पॅसेजमध्ये गुडघ्यांवर बसून फरशीच्या सांध्यांना नाक लावलं. "एवढं पाणी हवेत उडत नाही. खाली गेलं नाही. भिंतीत नाही. मग स्लॅबच्या पोटात साठत असेल तर मात्र वाईट. सगळी फरशी फोडावी लागेल."

"म्हणजे गळतं," नवरा म्हणाला.

"म्हणजे मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी उतरलेल्या पाण्याशी दुसरी रेघ मारली. "अजून एक दिवस द्या."

पॅसेजमधून जाताना मला काहीतरी वेगळं वाटलं आणि नेमकं काय ते कळेना. मग लक्षात आलं, छोट्या बाथरूमचा वास येत नव्हता. इन्स्पेक्टरबाईंनी आदल्या दिवशी तांब्याभर पाणी ओतलं असेल असं मी धरून चालले.

घरी आल्यावर मी बाबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. सांगताना आवाज चढला होता, कारण नवरा समोर बसून दुसऱ्या घरांचे फोटो बघायला लागला होता.

"किती उतरलं म्हणालीस?" बाबांनी विचारलं.

"दोन बोटं. रेघ मारून ठेवली होती ना बाईंनी."

"रेघ मारली होती? मला वाटलं खाली गळतंय का एवढंच बघायचं असतं."

"बाबा, उद्याही असंच निघालं तर हा घर सोडणार. मग काय करायचं?"

"हं," बाबा म्हणाले. "बघू."

पुन्हा तेच 'बघू'. मी फोन ठेवला.

तिसऱ्या संध्याकाळी जे पाहिलं ते मी जन्मात विसरणार नाही. बाथरूममध्ये दोन्ही रेघा दिसत नव्हत्या. खालची नाही आणि वरचीही नाही. पाणी पहिल्या रेघेच्याही वर चढलं होतं, पाळीच्या काठाशी टेकलं होतं.

इन्स्पेक्टरबाईंनी पिशवी खाली ठेवली. वाकून पाण्यात बोट घालून पाहिलं, जणू ते दुसरंच काहीतरी असेल. मग माळ्यावर चढून मेन कॉक पाहिला. बंद. नळ फिरवले. कोरडे. वरचं छत पाहिलं. कोरडं.

"झरा आहे बहुतेक," नवरा म्हणाला.

"मी इतकी वर्षं पाणी जाताना बघितलंय," बाई हळूच म्हणाल्या, "येताना कधी बघितलं नाही." त्या पाळीशेजारी फतकल मारून बसल्या आणि पाण्याकडे बघत राहिल्या. मला त्यांची दया आली आणि हसूही आलं.

नवऱ्याला मात्र हसू येत नव्हतं. "हे बघ," तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "ज्या घरात पाणी कुठे जातं आणि कुठून येतं हेच कळत नाही ते घर मला नको. उद्या संध्याकाळी मालकांना फोन करून टाकतो."

"छोट्या बाथरूमच्या नहाणीत तुम्ही पाणी ओतलं होतं का हो?" मी बाईंना विचारलं.

"नाही. मेन बंद आहे, ओतणार कशाने?"

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. खाली उतरताना लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या, विणकामासकट.

"तुमचे वडील फार गोड आहेत हो. दुपारी पाणी मागायला आले होते. मी म्हटलं, मी आणून देते वरती. तर ऐकेचनात. अर्धी अर्धी बादली करून लिफ्टने नेलं. किती फेऱ्या मारल्या बिचाऱ्यांनी!"

नवरा आधीच पुढे पार्किंगमध्ये गेला होता, त्याने ऐकलं नाही. मी बाईंना हसून काहीतरी बोलले. आत मात्र नुसता जाळ झाला होता.

म्हणजे पाणी काढलं बाबांनी, आणि मी फोनवर रडगाणं गायल्यावर घाबरून परत भरलंही त्यांनीच. कशासाठी काढलं ते उघड होतं. घर गळकं ठरावं, जावयाने नको म्हणावं, आणि आपल्याला 'नाही' म्हणायची वेळच येऊ नये. शिट्टी मारून दोन-अडीचशे मुलं उभी करणारा माणूस, आणि मुलीला सरळ तोंडावर सांगता आलं नाही? मी एवढी नकोशी झाले? रात्री मला झोप लागली नाही. नवऱ्याला काही सांगितलं नाही, कारण सांगताना मला रडू आलं असतं आणि मग त्याने बाबांचीच बाजू घेतली असती. तो तसा आहे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून डोकं दुखतंय म्हणून निघाले आणि दुपारी थेट नव्या घरी गेले. काय काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं. लॅच माझ्या किल्लीने आवाज न करता उघडलं.

दाराशी बाबांच्या चपला. पॅसेजभर पाण्याचे थेंब, मोठ्या बाथरूमपासून थेट छोट्या बाथरूमपर्यंत. छोट्या खोलीत घडीच्या खुर्चीवर त्यांचे कपडे, कडा जुळवून घडी घातलेले. वर चष्मा. शेजारी काठी. कोरडा टॉवेल खुर्चीच्या पाठीवर. आणि छोट्या बाथरूमचं दार नुसतं लोटलेलं, आतून पाण्याचा आवाज.

मग आवाज थांबला. स्टूल फरशीवर सरकलं.

"डावा पाय मागे," आतून बाबांचा आवाज आला, मैदानावरचा, पण अगदी दबका. "वजन पुढे. मान वर. ऊठ."

काही झालं नाही. धापा ऐकू आल्या.

"पुन्हा. डावा पाय मागे. वजन पुढे. ऊठ."

पाठ केलेलं सगळं भाषण मी विसरले. मी भिंतीला टेकले.

ऑपरेशननंतर काही आठवडे बाबांना आंघोळ मी घालत होते. त्या सगळ्या दिवसांत त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मी पाणी ओतायची आणि ते मान वळवून भिंतीकडे बघत राहायचे, एक शब्द नाही. मग त्यांनी सकाळचा मदतनीस ठेवला. 'चहाबिहा करायला' असं सांगायचे, आणि मी तेच खरं धरून चालले होते. कशाचीही चौकशी करणारी मी, ही एक चौकशी केली नव्हती.

"कोण आहे?" आतून आवाज आला. माझ्या श्वासाचाही आवाज जात असावा.

"मी."

"तू आत्ता कशी?"

"पाणी चोरणारा बघायला आले."

"अंदाज चुकला गं. जास्त झालं ना काल?"

"रेघेच्या वर गेलं. बाईंना वेड लागायची पाळी आलीय."

"त्यांना सांग, पाणी कुठे जात नाही. इथे नळाला पाणी नव्हतं, म्हणून तिथलं घेतलं. पहिल्या दिवशी मला काय माहीत मोजून ठेवलंय. आज जास्तीचं तेवढंच काढलं."

मला हसू फुटलं आणि त्यातच रडूही. "बाबा, मला वाटलं तुम्हाला घर नकोय."

"कोण म्हणालं नकोय? छान घर आहे. कपाटातला दिवा तर फारच छान आहे."

"मग हे काय चाललंय?"

"तुमचं घर तपासून झालं," ते म्हणाले. "मला माझं तपासायचं होतं. इथे यायचं तर आंघोळ माझी मला जमली पाहिजे. तुझ्याकडून करून घ्यायची नाही. परत नाही. जमली तर यायचं, नाही जमली तर नाही. तसं ठरवलं होतं."

"आणि?"

"पहिल्या दिवशी बादलीवर जोर देऊन उठलो. काल दाराची कडी धरून. आज बादली रिकामी झाली, ती हलते, आणि कडीपर्यंत हात पोचत नाहीये."

"म्हणजे तुम्ही अडकलाय?"

"बसलोय. अडकलो म्हणू नकोस."

माझा हात दारावर गेला होता. दार नुसतं लोटलेलं, एक बोट पुरलं असतं. पण मला ती भिंतीकडे वळलेली मान आठवली, आणि हात तिथेच राहिला. आत गेले असते तर उठवलं असतं मी त्यांना, त्यात काय. मग ते शहाण्यासारखे कपडे करून, मला धन्यवाद देऊन, आपल्या तिसऱ्या मजल्यावर निघून गेले असते कायमचे.

"मदतनिसाला फोन करू?"

"नको."

"मग?"

"थांब जरा. विचार करतोय."

मीही विचार करत होते. काय करावं ते सुचेना तेव्हा माझ्या तोंडून तेच निघालं जे नेहमी निघतं.

"नेमकं कुठे अडतंय, बाबा? गुडघ्यात?"

"गुडघा ठीक आहे," ते लगेच म्हणाले. आवाज बदलला होता, कुणीतरी कामाचं विचारावं तसा. "मांडीपण तशी ठीक. वजन पुढे येतं, पण सुरुवातीला एकदा ओढून घ्यायला काहीतरी लागतं. एकदाच. मग उठतो मी."

"कुठे असायला हवं?"

आतून टाइलवर ओला तळवा आपटल्याचा आवाज आला. "इथे."

"इथे म्हणजे कुठे? मला दिसत नाही."

पुन्हा तळवा आपटला. "इथे गं. डाव्या हाताला. नळाच्या वर."

"किती वर?"

या वेळी तळवा आपटला नाही. ते म्हणाले, "टॉवेल दे."

मी खुर्चीवरचा टॉवेल आणून फटीतून आत धरला. तो घेतला गेला. मी पाठ करून उभी राहिले.

"ये आत," बाबा म्हणाले.

मी दार ढकललं आणि मान खाली घालून आत गेले. ओली फरशी, त्यांचे पाय, प्लास्टिकचं स्टूल एवढंच मला दिसत होतं.

"खाली काय बघतेस? वर बघ. बघितल्याशिवाय गवंड्याला दांड्याची जागा काय सांगणार?"

मी वर पाहिलं. कमरेला टॉवेल गुंडाळून ते बसले होते. छातीवरचे पांढरे केस ओले, मांडीच्या बाजूला ऑपरेशनचा लांब व्रण, आणि चेहरा भिंतीकडे नाही, माझ्याकडे. चष्म्याशिवाय डोळे बारीक करून ते मलाच बघत होते. डावा हात टाइलवर टेकलेला होता.

"हात इथपर्यंत जातो. याच्या वर नाही जात," ते म्हणाले. "खिडके, रडू नकोस, नीट बघ."

मी पुढे झाले आणि त्यांच्या हाताच्या जागी माझी मूठ भिंतीला टेकवून धरली. त्यांनी माझं मनगट पकडलं. पकड अजून मैदानातली होती.

"तू ओढायचं नाहीस. तू भिंत आहेस."

"बरं."

"डावा पाय मागे," ते स्वतःलाच म्हणाले. "वजन पुढे."

माझ्या मनगटावर त्यांचा सगळा भार आला, मी दात आवळून भिंतीसारखी उभी राहिले, आणि बाबा उठले. एका दमात, पाठ ताठ करून, माझ्यापेक्षा उंच. क्षणभर तसेच उभे राहिले, भिंतीकडे आणि माझ्या मुठीकडे बघत. मग सावकाश पुन्हा स्टुलावर बसले.

"अजून एकदा," ते म्हणाले. "या वेळी जरा खाली धर."